एंटर कळ चालत नाही: डीबी स्पेक्ट्रम प्लसच्या कळफलक-दुरुस्तीचे प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी असलेल्या एका शाळेने वर्धापन वर्षानिमित्त जुन्या यंत्रांचे छोटे प्रदर्शन भरवायचे ठरवले. शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने आपल्या घरी माळ्यावर तीसेक वर्षे पडून असलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस हा संगणक त्यासाठी देऊ केला. पुढे त्यांचा उल्लेख 'यंत्रमालक' असा येईल. शाळेची अट एकच होती, पण तीच पुढच्या सगळ्या निर्णयांना वळण देणारी ठरली: यंत्र काचेआड ठेवायचे नाही, मुलांनी त्यावर स्वतः टाइप करायचे. प्रदर्शन पाच आठवड्यांवर आले असताना यंत्र माझ्याकडे पुण्यात दुरुस्तीसाठी आले. व्यक्ती, गाव आणि शाळा ओळखू येईल असा तपशील येथे वगळला आहे.

या संगणकाचे पुण्याशी जुने नाते आहे. केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्च कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी झेडएक्स स्पेक्ट्रम जाहीर केला आणि ऑक्टोबर १९८४ मध्ये त्याची स्पेक्ट्रम प्लस ही आवृत्ती काढली. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात हीच आवृत्ती परवाना घेऊन भारतात 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने विकली. शाळांत संगणक-ओळख करून देण्यासाठी १९८४-८५ मध्ये सुरू झालेल्या क्लास या सरकारी प्रकल्पामुळे काही शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक पोहोचले होते, पण ते शाळेच्या खोलीतले संगणक होते. आपल्याकडच्या कित्येक घरांत दूरदर्शन संचाला जोडून जो पहिला संगणक चालला, तो हा डीबी स्पेक्ट्रम. त्यामुळे यंत्रमालकांना तो केवळ चालता नको होता, तर हाताला जसा लागायचा तसाच हवा होता. हे त्यांनी पहिल्याच फोनवर सांगितले होते. मी त्या वाक्याकडे तेव्हा पुरेसे लक्ष दिले नाही.

कळफलकाची रचना

निदान समजण्यासाठी कळफलक आतून कसा आहे हे आधी सांगणे आवश्यक आहे, कारण जुन्या घरगुती संगणकांच्या कळफलकांत वरचे रूप आणि आतला स्विच यांचा परस्परांशी फारसा संबंध नसतो.

सिंक्लेअरचे झेडएक्स८० (१९८०) आणि झेडएक्स८१ (१९८१) हे संगणक सपाट मेम्ब्रेनचे होते. झेडएक्स८१मध्ये प्लास्टिकच्या दोन पातळ फिती, त्यांच्या समोरासमोरच्या बाजूंवर वाहक शाईच्या रेषा आणि मध्ये भोके पाडलेला एक थर, इतकीच ती रचना. बोट दाबले की भोकातून वरची रेषा खालच्या रेषेला टेकते. १९८२च्या स्पेक्ट्रमचे औद्योगिक डिझाइन रिक डिकिन्सन यांनी केले. त्यात याच मेम्ब्रेनवर रबराची एकसंध चटई ठेवली आणि तिचे चाळीस उंचवटे धातूच्या पत्र्यातील खाचांतून वर काढले, म्हणून तो 'रबरी कळांचा' झाला. स्पेक्ट्रम प्लसमध्ये कडक प्लास्टिकच्या ५८ कळा आल्या आणि यंत्र टंकलेखन यंत्रासारखे दिसू लागले, पण त्या कळांखाली रबरी फुगवट्यांची चटई आणि त्याखाली पुन्हा मेम्ब्रेनच होती.

या ५८ कळांमागे मूळ ४० कळांचेच जाळे आहे. झेड८० प्रोसेसरच्या ए८ ते ए१५ या आठ अ‍ॅड्रेस लाइन एका बाजूने आणि पाच डेटा लाइन दुसऱ्या बाजूने येतात; लाइन म्हणजे प्रोसेसरशी जोडलेली सिग्नलची रेषा. आठ गुणिले पाच म्हणजे चाळीस छेद, आणि प्रत्येक छेद म्हणजे एक कळ; एका अ‍ॅड्रेस लाइनवर कळांची अर्धी ओळ, म्हणजे पाच कळा येतात. मेम्ब्रेनमधून दोन चपट्या पट्ट्या बाहेर पडतात, एक आठ रेषांची आणि एक पाच रेषांची, आणि त्या मुख्य सर्किटवरील दोन कनेक्टरांत खोचल्या जातात. वाढीव १८ कळांपैकी कॅप्स शिफ्ट आणि सिम्बॉल शिफ्ट या दोन कळा जुन्याच कळांच्या जोडीदार आहेत आणि उरलेल्या सोळा एका दाबात दोन जोडण्या करतात. डिलीट दाबले की कॅप्स शिफ्ट आणि ० एकदम दाबल्यासारखे होते, डावा बाण म्हणजे कॅप्स शिफ्ट आणि ५, अवतरण चिन्ह म्हणजे सिम्बॉल शिफ्ट आणि पी. यासाठी प्लसच्या मेम्ब्रेनमध्ये साध्या स्पेक्ट्रमपेक्षा जास्त थर आहेत. पट्ट्या मात्र त्याच, तेवढ्याच तेरा रेषांच्या.

इतर घराण्यांचे यंत्र असते तर विचार वेगळ्या दिशेने गेला असता. कमोडोर ६४ मध्ये प्रत्येक कळीच्या दांड्याच्या टोकाला कार्बनमिश्रित रबराची टिकली असते आणि ती छापील सर्किटवरील उघड्या पट्ट्यांवर टेकते. तिथे कळ अडखळू लागली की उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे हा बहुतेक वेळा पुरेसा उपाय असतो. बीबीसी मायक्रोत प्रत्येक कळीखाली स्वतंत्र यांत्रिक स्विच असतो, तो एकेकटा काढून बदलता येतो. यंत्रमालकांना एका ओळखीच्याने 'अल्कोहोलने पुसून बघा' असा सल्ला दिला होता. तो सल्ला मुळात चुकीचा नव्हता, फक्त दुसऱ्या जातीच्या कळफलकाचा होता. मेम्ब्रेनमध्ये पुसण्यासारखा संपर्क उघडा नसतो, आणि थर उचकटून आत द्रव घातल्यास शाईच्या रेषा सुटण्याचा धोका असतो. त्यांनी तो प्रयोग केला नाही, हे या प्रकरणातील पहिले भाग्य.

समस्या

यंत्रमालकांनी फोनवर सांगितलेली तक्रार अशी होती: पडद्यावर १९८२च्या सिंक्लेअर रिसर्चचा नेहमीचा हक्कसंदेश येतो, कळा उमटतात, पण एंटर आणि एल चालत नाहीत. त्यांनी बाकीच्या कळा एकेक करून तपासल्या नव्हत्या, आणि तशी त्यांच्याकडून अपेक्षाही नव्हती.

एंटर नसले तर हे यंत्र पूर्ण निरुपयोगी होते. प्रोग्रामची ओळ भरता येत नाही, आज्ञा देता येत नाही, कॅसेटवरून काही चढवायचे तर लोड आज्ञेसाठी जे आणि शेवटी पुन्हा एंटर लागते. म्हणजे तपासणीचा प्रोग्राम टाइप करून यंत्राकडूनच दोष काढून घेण्याचा मार्ग सुरुवातीलाच बंद होता.

पहिला निर्णय आणि त्यातील चूक

यंत्र आल्यावर मी वीजपुरवठा तपासला. स्पेक्ट्रमच्या अ‍ॅडॉप्टरची पिन ९ व्होल्टची असते आणि तिचा मध्यबिंदू ऋण असतो. हल्लीचे बरेच अ‍ॅडॉप्टर याच्या उलट असतात आणि तसा एक जोडला तर यंत्र जळू शकते. जुना अ‍ॅडॉप्टर बाजूला ठेवून मी प्रयोगशाळेचा नियंत्रित पुरवठा वापरला. पडदा आला, संदेश आला. एंटर दाबून पाहिले, एल दाबून पाहिले, दोन्ही गप्प. एवढ्यावर समाधान मानून मी वीज बंद केली आणि खालचे स्क्रू काढायला घेतले.

इथेच चूक झाली. चाळीस मूळ कळा एकेक दाबून कागदावर बरोबर किंवा फुली करायला दहा मिनिटे पुरली असती. त्या दहा मिनिटांत एंटर, एल, के, जे, एच हा पूर्ण गट बंद आहे की नाही ते कळले असते, आणि तो बंद असता तर ए१४ ही एकच रेषा तुटली आहे असा निष्कर्ष पेटी न उघडता निघाला असता. या यंत्राचे जाळेच असे आहे की बंद कळांची यादी हीच दोषाचा पत्ता असते. अ‍ॅड्रेस लाइन तुटली तर शेजारशेजारच्या पाच कळा जातात. डेटा लाइन तुटली तर प्रत्येक अर्ध्या ओळीतील एकेक अशा आठ विखुरलेल्या कळा जातात. ही गोष्ट मला पाठ होती आणि तरीही मी ती वापरली नाही, कारण दोन कळांची तक्रार ऐकून दोष 'कळांमध्ये' आहे असे मी मनोमन धरून चाललो होतो.

वरचा भाग उचलताना दोन्ही पट्ट्या ताणल्या गेल्या. मी भाग हळूच उचलत होतो, पण आठ रेषांची पट्टी अपेक्षेपेक्षा आखूड निघाली, आणि तिला सांभाळण्यासाठी हात वळवताना पाच रेषांची पट्टी वाकण्याच्या जागी मुडपली. आवाज झाला नाही. पुन्हा जोडून वीज दिल्यावर मात्र एंटरच्या गटाबरोबर आता टी, जी, व्ही, वाय, बी, ५ आणि ६ याही कळा गेल्या होत्या. बाणांपैकी डावा आणि खालचा बंद, वरचा आणि उजवा चालू: डावा म्हणजे ५, खालचा म्हणजे ६, आणि दोन्ही पाचव्या डेटा लाइनवर. ही लाइन आधीपासून कच्ची होती की मीच तोडली, हे आता कधीच सांगता येणार नाही, कारण आधीची नोंद नाही. एच ही कळ दोन्ही गटांत येते. तिच्यापुरते तर दोन दोष एकमेकांत मिसळून गेले.

निदान

आखूड पट्टीचे कारण भिंगाखाली दिसले. तिचे टोक सरळ नव्हते, कात्रीने किंचित तिरके कापलेले होते. पूर्वी कधीतरी, बहुधा हा संगणक वापरात असतानाच, कोणीतरी टोकाचा तडकलेला भाग कापून पट्टी पुन्हा खोचली होती. त्या काळी आणि आजही हा सर्रास केला जाणारा उपाय आहे, आणि त्या दुरुस्तीने यंत्र पुढे काही वर्षे चालले असेल तर तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण प्रत्येक कापण्याबरोबर पट्टीची ढील कमी होते. ढील संपली की पट्टी कनेक्टरपाशी ताणलेल्या अवस्थेत काटकोनात वाकते, आणि प्लास्टिक फीत वयाने कडक झाल्यावर नेमकी त्याच वळणावर तडकते. पेटीत ७८०५ या व्होल्टेज रेग्युलेटरच्या हीटसिंकची ऊब असतेच, शिवाय माळ्यावरचे तीस उन्हाळे. ही फीत म्हातारी झाली होती, यापलीकडे कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. सिंक्लेअरच्या घराण्यातील बहुतेक यंत्रांच्या पट्ट्या या वयात अशाच होतात.

मुख्य सर्किट निर्दोष आहे याची खात्री करणे ही पुढची पायरी होती. कळफलक पूर्ण बाजूला काढून यंत्र चालू केले आणि एका पातळ वायरीची दोन टोके दोन कनेक्टरांतील ठरावीक संपर्कांना टेकवली. मेम्ब्रेन याहून वेगळे काहीच करत नाही. प्रत्येक अ‍ॅड्रेस लाइनवर डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, असल्यामुळे योग्य तेरा संपर्कांपुरते हे सुरक्षित असते, मात्र टोक घसरून शेजारच्या सुट्या भागावर जाऊ नये म्हणून वायरीला टोकाशी इन्सुलेशन ठेवून अगदी थोडी तार उघडी ठेवली. ए१४ आणि चौथी डेटा लाइन जोडताच पडद्यावर लोड हा शब्द उमटला, म्हणजे जे. तो पुसून ए१३ आणि पहिली डेटा लाइन जोडली: प्रिंट. मग ए१४ आणि पहिली डेटा लाइन, म्हणजे एंटर, आणि खाली '० ओके, ०:१' हा अहवाल आला. कळफलकाशिवाय, फक्त एका वायरीने, यंत्राने आज्ञा पाळली होती. यंत्रमालक त्या दिवशी समोर बसले होते. ते बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले, मग म्हणाले, 'म्हणजे आत सगळं जिवंत आहे.' तेरा रेषा अशाच तपासल्या आणि तेराही चालल्या.

उरला प्रश्न मेम्ब्रेनचा. मल्टीमीटरचे एक टोक पट्टीच्या टोकाला आणि दुसरे वळणाच्या पलीकडे लावून रेषा मोजल्या. धड रेषांचा रोध काहीशे ओहमच्या आत होता, ए१४ आणि पाचवी डेटा लाइन पूर्ण तुटलेल्या. आणखी दोन रेषा मात्र पट्टी सरळ धरली तर ठीक आणि किंचित वाकवली तर काही हजार ओहम दाखवत होत्या. शाईच्या रेषेचा रोध काहीशे ओहमपर्यंत असतो तोवर कळ नीट वाचली जाते. तो हजारांत गेला की रेषेवरचा विद्युत दाब पुरेसा खाली ओढला जात नाही आणि कळ कधी लागते, कधी लागत नाही. या मोजमापाने निर्णयाचा पाया बदलला. दोन रेषा दुरुस्त करून भागणार नव्हते, कारण आणखी दोन रांगेत उभ्या होत्या.

विचारात घेतलेले पर्याय

पट्टी पुन्हा कापून बसवणे हा सर्वांत स्वस्त पर्याय पहिल्याच फेरीत बाद झाला. आधीच्या कापणीने ढील संपवली होती.

वाहक चांदीच्या रंगाने तडा सांधण्याचा पर्याय मी थोडा प्रयोग करून पाहिला. या फितीवर सोल्डरिंग करता येत नाही, सोल्डरिंग आयर्नच्या उष्णतेने ती आकसते, त्यामुळे रंग हाच मार्ग उरतो. सपाट जागेवर रंग चांगला बसतो. पण आपला तडा वळणावर होता, आणि पट्टी कनेक्टरात खोचण्यासाठी वाकवताच सुकलेला रंग पुन्हा फुटला. पट्टीचे टोक एका लहान छापील पट्टीवर दाबून पुढे नवी लवचीक केबल जोडण्याची कल्पनाही होती. ती मला आजही अव्यवहार्य वाटत नाही, पण पाच आठवड्यांत, आणि आणखी दोन रेषा डळमळीत असताना, तिच्यावर विसंबणे योग्य वाटले नाही.

तिसरा पर्याय यांत्रिक स्विचांच्या कळफलकाचा. जुन्या संगणकांसाठी अशा नव्या पाट्या छंदी मंडळी बनवतात, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर सुरुवातीला माझा कल याकडेच होता. शेकडो मुले टाइप करणार, मग टिकाऊ स्विच हवेत, असे माझे गणित होते. यात तांत्रिक अडचण होती: सोळा कळांनी एका दाबात दोन जोडण्या करायच्या असल्यामुळे नुसते स्विच बसवून भागत नाही, पाटीवर त्याची वेगळी सोय लागते. पण खरी अडचण कळांवरील अक्षरांची होती.

स्पेक्ट्रमच्या बेसिक या प्रोग्रामिंग भाषेत 'प्रिंट' हा शब्द अक्षरा-अक्षराने टाइप करत नाहीत. ओळीच्या सुरुवातीला पी दाबले की पूर्ण 'प्रिंट' येतो, जे दाबले की 'लोड', आर दाबले की 'रन'. सिम्बॉल शिफ्टबरोबर तीच कळ वेगळे काही देते आणि एक्स्टेंड मोडमध्ये आणखी वेगळे. एकेका कळीवर पाच-सहा अर्थ छापलेले असतात आणि ते वाचल्याशिवाय नवख्या माणसाला एक ओळही लिहिता येत नाही. म्हणजे या यंत्रात कळांवरची छपाई ही शोभा नाही, ती यंत्राची भाषा आहे. बाजारातल्या साध्या टोप्या लावलेला यांत्रिक कळफलक मुलांसमोर ठेवला असता तर प्रत्येकाच्या शेजारी एक तक्ता धरून उभे राहावे लागले असते. हाच आक्षेप बाहेरचा आधुनिक कळफलक जोडण्याच्या आणि इम्युलेटर (आधुनिक संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) चालवण्याच्या पर्यायांनाही लागू होता, आणि तो यंत्रमालकांनी माझ्याआधी ओळखला. त्यांचे म्हणणे होते की लहानपणी त्यांना आज्ञा पाठ नव्हत्या, कळा पाठ होत्या.

यांत्रिक पर्यायाबद्दल आणखी एक गोष्ट मला नोंदवायची आहे. स्पेक्ट्रम प्लसची कळ दाबताना आधी रबराचा मऊ विरोध आणि मग तळाशी सौम्य थांबा लागतो. ती ना टंकलेखन यंत्रासारखी खटकते, ना साध्या स्पेक्ट्रमसारखी पूर्ण रबरी वाटते. अनेकांनी तेव्हाही या स्पर्शाबद्दल नाराजी व्यक्त केली होती, आणि ती समजण्यासारखी आहे. पण या यंत्रावर शिकलेल्या माणसांच्या बोटांना तोच स्पर्श ठाऊक आहे. प्रदर्शनात यंत्र ठेवायचे आणि त्याचा स्पर्श बदलायचा, यात मला विसंगती दिसू लागली.

राहिला पर्याय नव्याने बनवलेल्या मेम्ब्रेनचा. स्पेक्ट्रम प्लसच्या मेम्ब्रेन आज पुन्हा तयार होतात, त्या परदेशातून मागवाव्या लागतात. कळा, रबरी चटई, पत्रा आणि पेटी सगळे मूळचेच राहणार होते. धोका दोन बाबतींत होता: टपाल आणि सीमाशुल्कात किती दिवस जातील याची खात्री नव्हती, आणि नवी फीत जुन्या कनेक्टरांत घट्ट बसेल की नाही हे ती हातात आल्याशिवाय कळणार नव्हते. आम्ही हा पर्याय निवडला आणि एकाऐवजी दोन मेम्ब्रेन मागवल्या. दुसरीचा आग्रह यंत्रमालकांचा होता; मला तेव्हा तो अनावश्यक खर्च वाटला होता.

कृती

पार्सल यायला तीन आठवडे लागले. तेवढ्या काळात बाकीची कामे उरकली. रबरी चटई सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवली. उष्णता मुद्दाम टाळली, कारण एखादा फुगवटा बसका झाला तर ती कळ कायमची मेंगळट होते. कळा काढताना प्रत्येक ओळीचा फोटो घेतला. कनेक्टरांचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या पातळ कार्डाने स्वच्छ केले. तेलकट संपर्क-फवारा वापरला नाही, कारण तो शाईच्या रेषेवर पसरून धूळ धरतो.

जुनी मेम्ब्रेन काढताना पट्ट्यांना पुठ्ठ्याचा आधार देऊन ती अखंड बाहेर घेतली. नवी बसवली, चटई आणि पत्रा लावला, स्क्रू घट्ट आवळले आणि यंत्र चालू केले. पडद्यावर कोणी हात न लावता एक अक्षर सरकत जाऊ लागले. क्षणभर वाटले की मेम्ब्रेनच सदोष आली. कारण साधे निघाले: पत्रा एका कोपऱ्याकडे जास्त आवळला गेला होता, आणि थरांच्या या रचनेत जादा दाब म्हणजे कायम दाबलेली कळ. सगळे स्क्रू सैल करून, समोरासमोरचे थोडे थोडे आवळत आणल्यावर ते थांबले.

दुसरी अडचण सूक्ष्म होती. डिलीट दाबल्यावर वीसेक वेळांत एकदा अक्षर पुसले जाण्याऐवजी ० उमटायचा. स्पेक्ट्रमच्या रॉममधला, म्हणजे कायमस्वरूपी स्मृतीतला, प्रोग्राम सेकंदाला ५० वेळा कळफलक वाचतो. त्या एका वाचनाच्या वेळी ०ची जोडणी झालेली असेल आणि कॅप्स शिफ्टची अजून व्हायची असेल, तर यंत्राला तो साधा ०च दिसतो. म्हणजे आठ रेषांच्या पट्टीचा कनेक्टरमधील संपर्क कुठेतरी ढिला असावा असा तर्क केला, कारण कॅप्स शिफ्टची ए८ लाइन तिथूनच येते. नवी पट्टी जुनीपेक्षा किंचित पातळ होती. तिच्या मागे पारदर्शक प्लास्टिक फितीचा एक अरुंद तुकडा सरकवून ती पुन्हा खोचली. त्यानंतर दोनशे वेळा डिलीट दाबले. ० एकदाही आला नाही.

शेवटी, आता एंटर चालत असल्याने, एक छोटा बेसिक प्रोग्राम लिहिला. तो इन आज्ञेने आठही अर्ध्या ओळींचे पोर्ट (प्रोसेसर ज्या क्रमांकांवरून कळांची स्थिती वाचतो ते) वाचतो आणि कुठली कळ दाबली ते आकड्यात दाखवतो. ए१४चा पोर्ट ४९१५०. कुठलीच कळ दाबलेली नसताना तिथे २५५ ऐवजी १९१ दिसला, तरी तो दोष नाही. वरच्या बिटांपैकी एक कॅसेटच्या प्रवेशाचा असतो आणि सर्किटच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत तो वेगळा वाचला जातो. कळफलकासाठी खालचे पाच बिटच पाहायचे. ५८ कळा, प्रत्येक दहा वेळा, असे करून कागदावर पूर्ण यादी केली, म्हणजे सुरुवातीला जी करायला हवी होती तीच.

परिणाम

यंत्र प्रदर्शनाच्या चार दिवस आधी शाळेत पोहोचले. दोन दिवस मुलांनी त्यावर टाइप केले. पहिल्या काही मिनिटांत जवळजवळ प्रत्येक मूल गोंधळायचे, कारण पी दाबल्यावर अख्खा शब्द येतो हे त्यांनी कधी पाहिले नव्हते. मग ते कळांवरची बारीक अक्षरे वाचू लागायचे. कळा वाचत वाचत एकेका आज्ञेचा अर्थ विचारणारी मुले पाहून यांत्रिक कळफलक न बसवण्याचा निर्णय बरोबर होता अशी माझी खात्री झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी स्पेस कळ एका बाजूने दाबल्यास लागत नव्हती. चटई किंचित सरकली होती, आणि ती जागेवर बसवायला दहा मिनिटे लागली. बाकी तक्रार आली नाही. प्रदर्शनानंतर चाचणीचा प्रोग्राम पुन्हा चालवला तेव्हा सर्व ५८ कळा चालू होत्या.

काय वेगळे करता आले असते

उघडण्यापूर्वीची चाचणी हा उघड मुद्दा आहे. कुठलाही मेम्ब्रेनचा कळफलक आला की मी आता आधी सगळ्या कळांची यादी भरून घेतो, आणि शक्य असल्यास मालकाला फोनवरच ती भरायला सांगतो. पट्ट्या दिसेपर्यंत वरचा भाग दोन बोटांपेक्षा जास्त उचलत नाही. फटीतून टॉर्चने पट्टीची ढील पाहून मगच पुढे जातो. ही यादी असती तर पाचवी डेटा लाइन माझ्या हातून गेली की आधीच गेली होती हे मी यंत्रमालकांना ठामपणे सांगू शकलो असतो. मी त्यांना जे होते ते सांगितले आणि त्यांनी ते समजून घेतले, पण नोंद नसल्यामुळे माझ्या सांगण्याला आधार नव्हता.

मेम्ब्रेन मागवण्यातही चार दिवस वाया गेले. वायरीच्या चाचणीने सर्किट निर्दोष ठरले त्याच दिवशी मागणी नोंदवता आली असती. चांदीच्या रंगाचा प्रयोग पार्सल वाटेत असतानाही करता आला असता. टपालाला आणखी एक आठवडा लागला असता तर पर्याय म्हणून आमच्या हातात काहीच नव्हते. तशा प्रसंगासाठी केबल जोडण्याची लहान छापील पट्टी तरी तयार ठेवायला हवी होती.

ज्या प्रश्नावर माझे मत अजून पक्के झालेले नाही तो जुन्या मेम्ब्रेनचा आहे. ती दुरुस्त होण्यासारखी होती का? कदाचित होती, तेरापैकी अकरा रेषा अजून तुटलेल्या नव्हत्या (त्यांतल्या दोन डळमळीत होत्या), आणि संयमाने केबलचा सांधा केला असता तर मूळ फीत मूळ यंत्रात राहिली असती. वेळ असता तर मी तो प्रयत्न केला असता आणि नवी मेम्ब्रेन राखीव ठेवली असती. म्हणून जुनी टाकली नाही. ती दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवली आहे, पट्ट्या न वाकवता, ए१४ आणि पाचव्या डेटा लाइनवरील तड्यांच्या जागी पेन्सिलची खूण करून. दुसरी नवी मेम्ब्रेन न उघडता यंत्राच्या मूळ खोक्यात आहे, आणि तिच्यावर यंत्रमालकांनी चिकटवलेल्या कागदावर त्यांच्याच हस्ताक्षरात ५८ कळांची कोरी यादी लिहिलेली आहे.